स्टेशनपर्यंतचे तीन किलोमीटर

नवी मुंबईत कुणाला सायकलने कामावर जायला सुचवले की उत्तरे ठरलेली असतात. उकाडा, पाऊस, कंटेनरचे ट्रेलर, चोरी, आणि शेवटी आवाज थोडा खाली आणून, ‘बरं दिसत नाही’. यांतले एकही उत्तर खोटे नाही. तरीही ती सगळी उत्तरे एका वेगळ्याच प्रवासाबद्दलची आहेत. सायकल म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घरापासून थेट कचेरीपर्यंतचा पल्ला उभा राहतो. नेरूळहून फोर्टला किंवा खारघरहून पवईला सायकल मारत जाणारा माणूस त्याला दिसतो, आणि हे आपल्याच्याने होणार नाही असे तो मनात ठरवून टाकतो. त्या पल्ल्यापुरते त्याचे बरोबर आहे. पण नवी मुंबईतल्या चाकरमान्यांपैकी फार मोठ्या वर्गाचा दिवस असा एका पल्ल्याचा नसतो. घर ते स्टेशन, मग लोकल, मग स्टेशन ते कचेरी असे त्याचे तुकडे पडतात. सायकलीची जागा यातल्या पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात आहे. सायकलीपुढचे अडथळे या दोन-तीन किलोमीटरांच्या मापाने मोजले, तर त्यातले निम्मे आपोआप लहान होतात. जे उरतात ते माणसाच्या आळसाचे नसून रस्त्याचे आणि कारभाराचे आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते नवी मुंबईबाबत जितके लागू पडते तितके या महानगर प्रदेशातल्या दुसऱ्या कुठल्याही शहराबाबत पडत नाही.

कारण हे शहर आखून वसवलेले आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली, आणि पुढे एकाच अवाढव्य शहराऐवजी वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, कोपरखैरणे, खारघर अशा नोडांची माळ उभी राहिली. प्रत्येक नोडाचे सेक्टर पाडले, सेक्टरात शाळा, बाजार आणि मैदान असावे असे योजले. वाशीपर्यंत लोकल १९९२ मध्ये आली, ठाण्याकडून येणारा मार्ग २००४ मध्ये सुरू झाला, आणि या रेल्वेच्या खर्चाचा मोठा वाटा सिडकोने स्वतः उचलला. म्हणजे स्टेशन हा नोडाचा खांब धरून भोवती वस्ती रचलेली आहे. नोडाच्या टोकाच्या सेक्टरातून स्टेशन गाठायला बहुतेक ठिकाणी दोन ते चार किलोमीटर पडतात. जमीन बरीचशी खाडीकाठची, भराव घालून तयार केलेली, त्यामुळे सपाट आहे. पारसिकच्या आणि खारघरच्या डोंगराकडे सरकलेले काही सेक्टर सोडले तर चढ म्हणावा असा चढ नाही. सायकलीसाठी शहर रचायचे असते तर याहून फार वेगळे रचले गेले नसते.

तीन किलोमीटरांना सायकलीला किती वेळ लागतो? घाई न करता, ताशी बारा ते पंधरा किलोमीटरने, बारा ते पंधरा मिनिटे. रिक्षाला रस्ता मोकळा असेल तर आठ-दहा लागतात, पण त्यात रांगेत उभे राहण्याचा किंवा शेअर रिक्षात तिसरा माणूस येईपर्यंत थांबण्याचा वेळ मिळवावा लागतो. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे आहे. तीन किलोमीटरांचे एकावन्न-बावन्न रुपये होतात. येऊन-जाऊन महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर अडीच हजार. शेअर रिक्षा आणि एनएमएमटीची बस यांना बरेच कमी पडते, पण नवरा-बायको दोघे नोकरीला जाणाऱ्या घरात तीही रक्कम लहान नसते. कॅरिअर-मडगार्डची साधी सायकल सहा-सात हजारांत येते, आणि सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पैशाचा हिशोब असा सरळ सायकलीच्या बाजूचा असूनही माणसे सायकल घेत नाहीत. म्हणजे अडचण पैशाची नाही. ती शोधायची तर आज या शहरात सायकल कोण चालवते ते आधी पाहायला हवे.

चालवणारे पुष्कळ आहेत. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा, दुधाच्या पिशव्या पोचवणारा, इडलीचा डबा मागे बांधून घंटी वाजवत फिरणारा, रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक, तुर्भे-महापे-रबाळेच्या कारखान्यांत जाणारा कंत्राटी कामगार. २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या कामगारांना कामावर कसे जाता असे विचारले, तेव्हा देशभरात सुमारे १३ टक्के लोकांनी सायकल सांगितली होती. मोटारसायकल-स्कूटर सांगणाऱ्यांचे प्रमाणही साधारण तेवढेच होते. तेव्हा ‘आपल्या हवेत सायकल चालत नाही’, ‘आपल्या लोकांना सवय नाही’ ही विधाने वस्तुस्थितीला धरून नाहीत. याच हवेत, याच रस्त्यांवर, सर्वांत जास्त अंगमेहनत करणारी माणसे रोज सायकल चालवतात. त्यांची कुठे गणती होत नाही, त्यांच्या सोयीचा विचार करून कुठला रस्ता आखला जात नाही, आणि शहरात सायकलीचा विषय निघतो तेव्हा तो पाम बीच रस्त्यावर रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघणाऱ्यांच्या अनुषंगाने निघतो. छंद म्हणून सायकल चालवण्यात वावगे काहीच नाही. पण सायकल हे कामाचे वाहन आहे ही गोष्ट त्या झगमगाटात हरवली, आणि शहराचे नुकसान झाले.

हवामानाचे म्हणणे मात्र नीट ऐकून घेण्यासारखे आहे. एप्रिल-मेचा दमटपणा आणि जूनपासूनच्या चार महिन्यांत पडणारा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस यांची हॉलंड-डेन्मार्कशी तुलना करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिथे वर्षभरात मिळून साधारण आठशे मिलिमीटर पडतो. परंतु घामाचा हिशोबही अंतरावर ठरतो. सावकाश सायकल चालवताना अंगावर वारा येत राहतो, आणि घाम फुटतो तो थांबल्यावर. दहा किलोमीटर जोर लावून गेलेल्या माणसाला अंघोळ लागते. तीन किलोमीटर रमतगमत गेलेल्याला पाच मिनिटे पंख्याखाली उभे राहणे पुरते. शिवाय तो नंतर ज्या लोकलच्या डब्यात शिरणार आहे तिथे कुणाचाच शर्ट कोरडा राहत नाही. पावसाचेही असेच. चार महिने पाऊस असतो म्हणजे चार महिने रोज सकाळी साडेआठला पाऊस असतो असे नाही. आपल्याकडे सायकल सुरू करणारा ती व्रतासारखी धरतो. एक दिवस मोडला की व्रत मोडले, मग सायकल जिन्याखाली जाते ती जातेच. ज्या दिवशी धो-धो पडतो आहे, रस्त्यावर पाणी साचले आहे, त्या दिवशी खुशाल रिक्षाने जावे. वर्षातले दोनशे दिवस सायकलीने गेलेला माणूस उरलेल्या दिवशी रिक्षात बसला तर सायकलीचा पराभव होत नाही. प्रदूषणाच्या भीतीबद्दलही थोडक्यात सांगतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की जगातल्या अगदी मोजक्या, अतिप्रदूषित शहरांचा अपवाद सोडला तर रोजच्या अर्ध्या तासाच्या सायकलिंगचा फायदा हवेतल्या विषाच्या तोट्याहून मोठाच राहतो. रासायनिक कारखान्यांचा वास नाकात घेऊन झोपणाऱ्या कोपरखैरण्याला स्वच्छ हवा हवीच आहे, पण ती सायकल न चालवल्याने मिळणार नाही.

खरा अडथळा भीतीचा आहे, आणि ही भीती पूर्ण रास्त आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकी वाहनांवरची होती. यावर कुणी म्हणेल की मग स्कूटरही घेऊ नका. तो युक्तिवाद मी करणार नाही, कारण स्कूटरवाले संख्येनेच फार आहेत. या आकड्यातून एवढेच घ्यायचे की आपण धोका पत्करतो तो सोयीसाठी, आणि सायकलीला ती सोयही मिळत नाही. धोका नेमका कुठे आहे ते बघितले पाहिजे. सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर तो तुलनेने कमी आहे. वाहने हळू असतात, वळणे फार असतात, दोन्ही बाजूंना गाड्या लावून रस्ता अरुंद झालेला असला तरी त्यामुळे वेगही मरतो. धोका आहे तो ओलांडण्याच्या जागी. शहराची माळ ज्या दोऱ्यांत ओवली आहे, म्हणजे सायन-पनवेल महामार्ग, ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वेचे रूळ, त्याच दोऱ्या सायकलवाल्याचा गळा आवळतात.

खारघर घ्या. जवळजवळ सगळा नोड महामार्गाच्या एका बाजूला आणि रेल्वे स्टेशन दुसऱ्या बाजूला. उत्सव चौकाकडून स्टेशनला येणाऱ्याला नोडातल्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवर काही त्रास नाही. सगळी परीक्षा शेवटच्या काही शे मीटरांत, महामार्ग ओलांडताना. तिथे पुलाखालून वळणाऱ्या बस, प्रवासी भरण्यासाठी कडेला दाटलेल्या रिक्षा आणि महामार्गावरून न थांबता डावीकडे उतरणाऱ्या गाड्या, या तिघांच्या मधून वाट काढायची असते. डावीकडचे हे मोकळे वळण सायकलवाल्यासाठी सर्वांत घातक. सरळ जाणाऱ्या सायकलला वळणाऱ्या गाडीचा रस्ता तिरपा कापावा लागतो, आणि गाडीचा चालक त्या क्षणी उजवीकडे, म्हणजे सायकलच्या विरुद्ध दिशेला, बघत असतो. औद्योगिक पट्ट्यातही हेच. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोलीची वस्ती रुळांच्या पश्चिमेला, कारखाने आणि महाप्याची आयटी संकुले पूर्वेला. मध्ये रूळ आणि ठाणे-बेलापूर रस्ता. गेल्या काही वर्षांत या रस्त्यावर जे उड्डाणपूल झाले त्यांनी मोटारींना सिग्नलमधून सोडवले, पण खालच्या चौकात पायी आणि सायकलने जाणाऱ्याच्या वाट्याला खांब, कोपऱ्यातले भंगार आणि रात्रीचा अंधार आला. त्यात पावसाळी गटाराच्या जाळ्या. जाळीच्या सळ्या चाकाच्या दिशेने, लांबीत बसवलेल्या असल्या तर पुढचे चाक नेमके त्या फटीत अडकते. डांबराचे थर चढत जाऊन चेंबरचे झाकण चार बोटे खाली गेलेले असते, ते पाण्याखाली दिसत नाही. चारचाकीला याचा फक्त धक्का बसतो, सायकलवाल्याचे हाड मोडते. जाळी आडवी फिरवून बसवायला वेगळा निधी लागत नाही. ठेकेदाराला दिलेल्या नकाशात एक ओळ लागते.

मग हे होत का नाही? ओलांडण्याची जागा कुणा एकाची नाही म्हणून. महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, स्टेशन आणि समोरचे आवार सिडको आणि रेल्वे यांच्यात वाटलेले, खारघरचे रस्ते पनवेल महापालिकेचे, वाशी-नेरूळचे नवी मुंबई महापालिकेचे, कारखान्यांची जमीन एमआयडीसीची. सायकलने घरातून निघालेला माणूस पंधरा मिनिटांत तीन-चार मालकांच्या हद्दीतून जातो, आणि दोन हद्दी जिथे भिडतात नेमका तिथे रस्ता तुटतो. ज्या संस्थेला सायकलसाठी काही करायचे असते ती स्वतःच्या हद्दीत, जिथे जागा सलग मिळते आणि फोटो चांगला येतो, तिथे ट्रॅक बांधते. पाम बीच रस्त्याच्या कडेचा ट्रॅक हा वर्षानुवर्षे चर्चेत राहिला तो यामुळेच. खाडीचा वारा, तिवरे, सुंदर जागा. पण पाम बीचलगतच्या ट्रॅकवरून किती लोक स्टेशनला जातील? वांद्रे-कुर्ला संकुलाचा धडा ताजा आहे. एमएमआरडीएने तिथे २०११ च्या सुमारास तेरा-एक किलोमीटरचा सायकल ट्रॅक केला. तो वांद्र्याच्या आणि कुर्ल्याच्या फलाटांपर्यंत नीट पोचला नाही, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि अखेर २०२५ मध्ये मोटारींना जागा हवी म्हणून तो काढायचे ठरले. ‘ट्रॅक करून बघितला, कुणी वापरत नाही’ असा निष्कर्ष त्यातून काढणे सोपे आहे. नदीच्या मध्यावर थांबलेला पूलही कुणी वापरत नाही.

दुसरी निर्णायक गोष्ट म्हणजे सायकल ठेवायला जागा. या बाबतीत युरोपपेक्षा जपान आपल्याला जवळचा आहे. दाट वस्ती, लोकलवर चालणारी शहरे, उन्हाळ्यात दमट हवा, भरपूर पाऊस. १९७० च्या दशकात तिथल्या उपनगरी स्टेशनांबाहेर सायकलींचे ढीग पडू लागले, तेव्हा सायकली हाकलण्याऐवजी १९८० मध्ये कायदा करून स्टेशनांजवळ सायकलतळ उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आणि रेल्वे कंपन्यांना जागेसाठी सहकार्य करायला लावले. हॉलंडमधल्या उट्रेख्तच्या स्टेशनाखाली आज साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे. नवी मुंबईची स्टेशने आकाराने प्रशस्त आहेत. वाशी, बेलापूर, सीवूड्स यांच्या पोटात कचेऱ्या आणि दुकाने आहेत, आवारात पैसे घेऊन दुचाकी लावण्याची सोय आहे. एका मोटारीच्या जागेत सहज आठ-दहा सायकली मावतात. तरी छप्पर, पहारेकरी आणि पावती असलेला सायकलतळ हा स्टेशनाचा नियम नाही, अपवाद आहे. चोरीची भीती इथून येते. सायकलीला ना नंबरप्लेट, ना विमा, आणि पोलीस ठाण्यात सायकल गेल्याची तक्रार घेऊन जाणाऱ्याला स्वतःलाच संकोच वाटतो. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये युलू या कंपनीबरोबर भाड्याच्या सायकलींची योजना सुरू केली, तिचे आकर्षण यातच होते. सायकल आपली नसली की तिच्या चोरीची, पंक्चरची, जिन्यावरून चढवण्याची काळजी आपली नसते. मात्र स्वतःच्या सायकलीला सुरक्षित जागा देणे हे भाड्याच्या योजनेहून स्वस्त आणि टिकाऊ काम आहे. आणि गृहनिर्माण सोसायट्यांनीही विचार करावा. मोटारींच्या जागांना आकडे रंगवलेले असतात, सायकली मात्र मीटरच्या खोलीत एकमेकींवर टेकलेल्या. भिंतीला लोखंडी दांडा ठोकून कुलूप लावायची सोय करणे हा सर्वसाधारण सभेतला पाच मिनिटांचा ठराव आहे.

‘बरं दिसत नाही’ या आक्षेपाला हसून चालणार नाही. ज्यांच्या घरातली मागची पिढी सायकलवर गिरणीत गेली, त्यांच्यासाठी स्कूटर ही नुसती सोय नव्हती. आपण वर आलो याची ती खूण होती, आणि ती कष्टाने मिळवलेली होती. ती सोडून दे म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पण प्रतिष्ठा बदलते तीही व्यवस्थेमुळे. ज्या कंपनीच्या फाटकावर मोटारीला सलाम आणि सायकलला ‘बाहेर लावा’ मिळते, तिथे व्यवस्थापकाने सायकलने यावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. फाटकाच्या आत, छपराखाली, पहिल्या रांगेत सायकलचा स्टँड आला तर शिपायाला आणि व्यवस्थापकाला एकाच जागी सायकल लावता येते. बायकांच्या बाबतीत तर व्यवस्थेचा परिणाम आकड्यांत दिसला आहे. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक दूर होती तिथे परिणाम सर्वांत मोठा होता. अनेक मुली मिळून रस्त्यावर दिसू लागल्या तेव्हा एकटीने जाण्याची भीती कमी झाली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्याच मुली नोकरीसाठी कोपरखैरण्यात येतात तेव्हा सायकल सोडतात. शहरात अंधाराचा भुयारी मार्ग आणि उघडा चौक त्यांच्या वाटेत आलेला असतो, म्हणून.

‘बस वाढवा, सायकलीचे लचांड कशाला’ असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. बस वाढल्याच पाहिजेत. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, कडेवर मूल असलेल्यांना बस आणि रिक्षाच हवी, आणि सायकलवर गेलेल्या धडधाकट माणसाची जागा बसमध्ये त्यांनाच मिळते. विजेच्या स्कूटरने धूर कमी होतो हेही खरे, पण ती जागा तेवढीच अडवते आणि सेक्टरात वेगही तोच ठेवते. राहिला प्रश्न दुसऱ्यांकडून शिकण्याचा. या शहराने भरतीचे पाणी आवरण्यासाठी धारण तलाव डच पद्धतीने बांधले. समुद्रसपाटीच्या खाली राहणाऱ्यांकडून जे शिकण्यासारखे होते ते मोकळेपणाने घेतले. त्याच डचांकडे १९७१ मध्ये रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती, आणि ‘मुलांचे खून थांबवा’ म्हणत आई-बाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे त्यांचे चौक बदलू लागले. त्याआधी त्यांचीही शहरे मोटारींच्याच मागे चालली होती.

सुरुवात एका स्टेशनाने होऊ शकते. समजा खारघरने. तिथे महामार्गाखालून सायकलसाठी उजेडाची वेगळी पट्टी, डावीकडच्या मोकळ्या वळणांवर उंचवटा घालून वेग ताशी वीसच्या आत, आवारात पहारेकरी असलेला पाचशे सायकलींचा छपराचा तळ, आणि उत्सव चौकापर्यंतच्या रस्त्यावरच्या सगळ्या जाळ्या आडव्या. सिडको, बांधकाम खाते, रेल्वे आणि पनवेल महापालिका यांचा प्रत्येकी एक अधिकारी एका टेबलाशी बसवून, हे काम एका हद्दीचे आहे असे समजून करायचे. बेलापूर ते पेंधर मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, उरणपर्यंतची लोकल २०२४ च्या जानेवारीत, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. उलवे, द्रोणागिरी, तळोजा इथे वस्ती अजून भरते आहे, रस्ते अजून खोदले जात आहेत. तिथल्या चौकांचे नकाशे आज टेबलावर आहेत, आणि त्यांत सायकलची वाट काढायला आज फक्त पेन्सिल लागते.